सेप्टिक टाकीतील जंतू आणि जंतुनाशकांची मात्रा

धान पिकविणाऱ्या शेतकऱ्यास मात्रेचे महत्त्व नव्याने सांगावयास नको. बियाणे पेरण्यापूर्वी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात ते बुडवावयाचे, वर तरंगणारे पोचट बी काढून टाकावयाचे, हे ब्रह्मपुरी तालुक्यातील बहुतेक घरी ठाऊक आहे. बांधीत युरिया किती टाकावा, फवारणीच्या एका पंपास औषध किती मिलिलिटर घ्यावे, याची चौकशी तो सिंदेवाहीच्या संशोधन केंद्रापर्यंत जाऊन करतो. परंतु हाच जागरूक शेतकरी घरच्या शौचालयात फिनेल, ॲसिड किंवा टी.सी.एल. पावडर ओततो, तेव्हा मात्रेचा विचार त्याच्या मनात येत नाही. तेथे हात मोकळा सुटतो. जितके अधिक ओतावे तितकी स्वच्छता अधिक, अशी समजूत सर्वत्र रूढ झालेली आहे.

याच्या अगदी उलट असे दुसरेही एक मत आहे. सेप्टिक टाकी वा गोबरगॅसला जोडलेल्या शौचालयात जंतुनाशकाचा थेंबही पडू देऊ नये, असे काही कार्यकर्ते सांगतात. घरातील गृहिणीस हे पटत नाही आणि पटू नये हे योग्यच आहे, कारण भांडे स्वच्छ ठेवणे तिच्या माथी असते. परिणामी उपदेश बाजूला राहतो आणि बाटली पूर्वीप्रमाणेच रिकामी होते. ही दोन्ही मते सोडून देऊन, शेतीत जसा विचार होतो तसाच मोजमापाचा विचार येथेही व्हावयास हवा.

टाकीतील कामकरी

जंतू म्हणजे शत्रू, ही कल्पना आपल्या मनात फार खोल रुजलेली आहे. वस्तुतः विरजण लावणारी प्रत्येक स्त्री जंतूंकडून रोज काम करून घेत असते. कोमट दुधात विरजण लागते. उकळत्या दुधात घातलेले विरजण मरते आणि दही लागत नाही. सेप्टिक टाकीत, शोषखड्ड्यात आणि गोबरगॅसच्या डायजेस्टरमध्ये असेच कोट्यवधी जंतू अहोरात्र काम करीत असतात.

टाकीत मैला आला म्हणजे जड भाग तळाशी बसतो आणि हलका भाग वर तरंगतो. हवेशिवाय जगणारे जंतू तळाचा गाळ हळूहळू कुजवितात. त्याचा बराचसा भाग पाण्यात विरघळतो व काही भाग वायूरूपाने निघून जातो. उरलेले पाणी शोषखड्ड्यातून जमिनीत मुरते आणि पुढील शुद्धीकरण मातीतील हवेवर जगणारे जंतू करतात. दोन खड्ड्यांच्या शौचालयात एक खड्डा भरल्यावर तो बंद ठेवून दुसरा वापरावयाचा असतो. बंद खड्ड्यातील मैल्याचे खत होते तेही याच जंतूंमुळे. मैल्यापासून गॅस व खत मिळविण्याची परंपरा महाराष्ट्रास नवीन नाही. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून अप्पासाहेब पटवर्धन यांनी, तर पुण्याजवळील देहू येथे डॉ. सुहास मापुसकर यांनी या कामास आयुष्य वाहिले. डॉ. मापुसकर यांना 2017 मध्ये मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

हे कामकरी मेले वा मंदावले तर टाकी लगेच फुटत नाही, म्हणूनच दोष ध्यानात येत नाही. गाळ कुजणे थांबते, टाकी लवकर भरते, अर्धवट कुजलेला मैला पाण्याबरोबर बाहेर पडून शोषखड्ड्याची छिद्रे बुजवितो, आणि मग ते पाणी नालीत सोडले जाते. नालीचे पाणी शेवटी बोडीत, नाल्यात किंवा खालच्या बांधीत उतरते. वैनगंगेकाठच्या गावांना याची जाणीव विशेष असली पाहिजे. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस आलेल्या महापुरात पाणी गावागावांत शिरले होते. अशा वेळी टाकीत काय साचलेले आहे याला फार महत्त्व येते.

याहूनही गंभीर गोष्ट म्हणजे टाकी वारंवार भरली की ती उपसण्यासाठी माणूस शोधला जातो. टाकीत साचलेल्या विषारी वायूने माणसे गुदमरून दगावल्याच्या बातम्या देशात पुनःपुन्हा येतात. हाताने मैला साफ करविण्यास आणि संरक्षणाच्या साधनांवाचून माणसास टाकीत उतरविण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे. जी टाकी नीट काम करते ती क्वचित उपसावी लागते. आणि उपसावी लागली तर ते काम यंत्राने व्हावे. फिनेलच्या बाटलीचा संबंध असा थेट माणसाच्या जिवापर्यंत पोहोचतो.

विषारीपणा मोजतात कसा

एखादे रसायन या जंतूंना किती बाधते, हे नुसत्या अंदाजाने ठरवावयाचे नसते. शहरातील सांडपाणी शुद्ध करण्याच्या ज्या पद्धतीत हवा देऊन जंतूंचा गाळ वाढवितात, ती इंग्लंडमधील मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट या दोघांनी 1914 मध्ये प्रसिद्ध केली. पुढे कारखान्यांतून आणि घरांतून नवनवी रसायने सांडपाण्यात येऊ लागली. एखादे रसायन अधिक आले की शुद्धीकरण केंद्रातील जंतू मरत आणि साऱ्या शहराचे घाण पाणी तसेच नदीत जाई. म्हणून आधी परीक्षा, मग वापर, अशी पद्धत बसविणे भाग पडले.

आर्थिक सहकार्य व विकास संघटना या आंतरराष्ट्रीय संस्थेने 1984 मध्ये अशी एक परीक्षा निश्चित केली आणि 2010 मध्ये ती सुधारली. तिचा क्रमांक 209 आहे. तत्त्व अगदी साधे आहे. जिवंत जंतू श्वासोच्छ्वास करतात व पाण्यातील प्राणवायू वापरतात. शुद्धीकरण केंद्रातील ताजा गाळ अनेक भांड्यांत सारखा घेतात, प्रत्येकास सारखेच खाद्य देतात आणि हवा खेळती ठेवतात. एका भांड्यात रसायन घालीत नाहीत. इतरांत ते चढत्या मात्रेने घालतात. तीन तासांनंतर प्रत्येक भांड्यातील प्राणवायू किती वेगाने खर्च होतो ते मोजतात. रसायन नसलेल्या भांड्याशी तुलना केली की कोणत्या मात्रेस जंतूंचा श्वास किती टक्के मंदावला ते कळते. ज्या मात्रेस तो निम्म्यावर येतो, ती त्या रसायनाची महत्त्वाची खूण मानतात.

या परीक्षेतील एक सावधगिरी शेतीच्या प्रयोगांतही घेण्याजोगी आहे. वापरलेला गाळ मुळात जोमदार आहे की नाही, याची खात्री प्रथम करून घेतात. त्यासाठी 3,5-डायक्लोरोफेनॉल नावाचे एक ठरावीक विष वापरतात. त्याने श्वास निम्म्यावर येण्याची मात्रा दर लिटरास 2 ते 25 मिलिग्रॅम या मर्यादेत आली तरच ती परीक्षा ग्राह्य धरतात. मोजण्याचे साधनच खोटे असेल तर मोजमापास किंमत नाही, हा त्यातील अर्थ आहे.

सेप्टिक टाकी व गोबरगॅस यांतील जंतू हवेवाचून जगतात. त्यांच्यासाठी 2007 मध्ये 224 क्रमांकाची वेगळी परीक्षा ठरविण्यात आली. तिच्यात प्राणवायूऐवजी निर्माण होणारा वायू मोजतात. वायू कमी झाला म्हणजे जंतू बाधले गेले. गोबरगॅस वापरणाऱ्या कुटुंबास ही परीक्षा वेगळी समजावून देण्याची गरज नाही. शेगडीची ज्योत बारीक झाली की डायजेस्टरमध्ये काहीतरी बिघडले, हे त्या घरास कळतेच.

सर्व जंतू सारखे चिवट नसतात, हेही अशा परीक्षांतून दिसून आले आहे. अमोनियाचे नायट्रेट करणारे जंतू फार नाजूक असून इतर जंतू तग धरतात तेथे ते आधी मंदावतात. शेतकऱ्यास याचा अनुभव वेगळ्या रीतीने आहे. 2015 पासून देशात तयार होणाऱ्या सर्व युरियास निंबोळी तेलाचा लेप देणे बंधनकारक करण्यात आले. तो लेप मातीतील याच जंतूंचे काम मुद्दाम मंद करतो, त्यामुळे नत्र जमिनीत अधिक काळ टिकते. बांधीत जे मंदावणे उपयोगी पडते तेच मैल्याच्या शुद्धीकरणात नुकसान करते. सबब एखादे द्रव्य चांगले की वाईट, असा प्रश्न न विचारता ते कोठे व किती, असे विचारावयास हवे.

आकडे काय सांगतात

टी.सी.एल. पावडरीचे उदाहरण घ्यावे. पिण्याच्या 1000 लिटर पाण्यास सुमारे 5 ग्रॅम पावडर पुरते आणि जलसुरक्षक ती विहिरीत वा टाकीत याच हिशेबाने टाकतो. नळाच्या पाण्यात दर लिटरास किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक राहावा अशी अपेक्षा असते व तो ओ.टी. परीक्षेने तपासला जातो. विहिरीत जंतू नकोतच, म्हणून तेथे पावडर टाकणे हे पुण्याचे काम आहे.

सेप्टिक टाकीचा हिशेब वेगळा आहे. अमेरिकेतील आर्कान्सा विद्यापीठात 1987 मध्ये घरगुती रसायनांचा सेप्टिक टाकीवरील परिणाम तपासण्यात आला. 1000 गॅलनच्या, म्हणजे सुमारे 3800 लिटरच्या टाकीतील जंतू नष्ट होण्यास घरगुती द्रव ब्लीच 1.85 गॅलन, म्हणजे सुमारे 7 लिटर लागल्याचे आढळले. याच प्रमाणाने 1000 लिटरच्या टाकीस पावणेदोन ते दोन लिटर ब्लीच होते. त्यातील क्लोरिन हिशेबाने सुमारे 300 ग्रॅम टी.सी.एल. पावडरीइतका भरतो. पिण्याच्या पाण्यास लागणाऱ्या मात्रेच्या हा साठपट झाला. मैल्यातील सेंद्रिय द्रव्य बराचसा क्लोरिन आधीच खाऊन टाकते, म्हणून हा फरक पडतो. आणखी असे दिसले की मात्रा देणे थांबल्यावर काही दिवसांत जंतू पुन्हा वाढीस लागतात, कारण मैल्याबरोबर नवे जंतू रोज येतच असतात.

या आकड्यांवरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की आठवड्यातून एकदोनदा थोडे फिनेल वापरून ब्रशाने भांडे घासणाऱ्या घराने घाबरण्याचे कारण नाही. थेंबही नको, हा उपदेश अतिरेकी आहे. दुसरा असा की एकदम ओतणे हाच खरा धोका आहे. लग्नकार्य उरकल्यावर, सणापूर्वी किंवा साथीच्या भीतीने टी.सी.एल.ची अख्खी पिशवी वा ॲसिडच्या बाटल्या एका दिवसात रिकाम्या केल्या, तर टाकीचे काम बंद पडू शकते.

परदेशातील आकडा जसाच्या तसा ब्रह्मपुरीस लावता येणार नाही, हेही ध्यानात ठेवावे. तेथील टाक्या मोठ्या असतात व त्यांत स्नानाचे, धुण्याचे पाणीही जाते. आपल्याकडे एका वेळी तांब्या-दोन तांबे पाणी टाकले जाते. दोन खड्ड्यांच्या शौचालयात तर पाणी साचतच नाही. ते मुरून जाते आणि ओतलेले औषध जवळजवळ तेवढ्याच तीव्रतेने मैल्यावर पडते. म्हणून जेथे पाणी कमी तेथे मात्राही कमी, हा नियम पाळला पाहिजे. ॲसिडने भांड्याचा डाग जातो, परंतु गॅस निर्माण करणाऱ्या जंतूंना 7 च्या आसपासचा सामू मानवतो. तो उतरला की त्यांचे काम मंदावते. भांडे ब्रश व साध्या साबणाने नियमित घासले तर ॲसिडची पाळी क्वचितच येते. ॲसिड व टी.सी.एल. मात्र कधीही एकत्र येऊ देऊ नये. त्यातून निघणारा क्लोरिन वायू बंद शौचालयात माणसाचा प्राण घेऊ शकतो.

यापेक्षाही अधिक अपायकारक अशा वस्तू शौचालयात वा नालीत जातात, त्यांकडे दुर्लक्ष होते. फवारणी पंप धुतल्याचे पाणी, उरलेले कीटकनाशक, मुदत संपलेली औषधे, रंग पातळ करण्याचे टर्पेंटाईन, इंजिनचे जळके तेल, यांपैकी काहीही टाकीत जाता कामा नये. पंप धुतलेले पाणी विहीर, बोडी व नाला यांपासून दूर, फवारलेल्या शेतातच पसरून टाकावे. जनावरास प्रतिजैविके चालू असतील तर त्याचे शेण काही दिवस गोबरगॅसमध्ये न घालता वेगळे कुजवावे, कारण औषधाचा अंश शेणातून उतरतो आणि डायजेस्टरमधील जंतूंनाही तो ओळखतो.

आक्षेप असा घेतला जाईल की साथ आल्यावर जंतुनाशक वापरावेच लागेल. ते मान्यच केले पाहिजे. रुग्णाच्या घरी आरोग्य कर्मचारी सांगतील त्याप्रमाणे व तेवढेच औषध वापरावे. टाकीच्या काळजीने त्यात कसूर करू नये. माणूस आधी, टाकी नंतर. परंतु घाबरून सबंध गावाने टाक्यांत पावडर ओतणे हा साथीवरील उपाय नव्हे. टाकीतून बाहेर पडणारे पाणीही रोगजंतूंपासून मुक्त नसते, म्हणून ते उघड्यावर न सोडता शोषखड्ड्यात मुरविणे आणि पिण्याचे पाणी निर्जंतुक करणे, हाच खरा उपाय होय. तसेच टाकीतील जंतू वाढविण्याची म्हणून जी चूर्णे विकली जातात, त्यांवर पैसा खर्च करण्याचेही कारण नाही. मैल्यात जंतू मुळातच विपुल असतात. त्यांना मारले नाही म्हणजे पुरे.

गावात करून दाखविण्याजोगे प्रात्यक्षिक

सांगितलेले विसरले जाते, पाहिलेले लक्षात राहते. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यास गोबरगॅस असलेल्या एखाद्या शेतकऱ्याकडे पुढील प्रात्यक्षिक अल्प खर्चात करता येईल.

एक-एक लिटरच्या चार बाटल्या घ्याव्यात. चालू गोबरगॅसमधून बाहेर पडणारी ताजी स्लरी गाळून, तीत थोडे शेण एकजीव करून, प्रत्येक बाटलीत अर्धा लिटर भरावी. पहिल्या बाटलीत काही घालू नये. दुसरीत अर्धा, तिसरीत अडीच व चौथीत दहा मिलिलिटर फिनेल सुई काढलेल्या सिरिंजने मोजून घालावे. म्हणजे मात्रा अनुक्रमे हजारी एक, पाच व वीस अशा होतात. प्रत्येक बाटलीच्या झाकणास भोक पाडून सलाईनची स्वच्छ नवी नळी बसवावी व फट मेणाने घट्ट बुजवावी. नळीचे दुसरे टोक पाण्याच्या घमेल्यात उलट्या धरलेल्या, पाण्याने काठोकाठ भरलेल्या व खुणा केलेल्या बाटलीत सोडावे. वायू जमेल तसे त्या बाटलीतील पाणी खाली उतरेल आणि किती मिलिलिटर वायू झाला ते खुणेवरून वाचता येईल. सर्व बाटल्या एकाच सावलीच्या जागी ठेवाव्यात, कारण ऊन-सावलीच्या फरकानेही वायू कमीअधिक होतो. जवळ विडी, काडी वा चूल नसावी आणि काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत.

आठ ते दहा दिवस रोज ठराविक वेळी आकडे फळ्यावर लिहावेत. पहिल्या बाटलीच्या मानाने कोणत्या बाटलीत वायू निम्मा झाला, हे गावकऱ्यांनी स्वतःच सांगावे. पहिल्याच बाटलीत वायू झाला नाही तर स्लरी निकामी समजून प्रयोग पुन्हा करावा. अन्य बाटल्यांवरून निष्कर्ष काढू नये. शक्य असल्यास प्रत्येक मात्रेच्या दोन बाटल्या ठेवाव्यात. हे मोजमाप प्रयोगशाळेच्या तोडीचे नाही आणि त्यावरून कोणत्याही कंपनीच्या मालाबद्दल निवाडा देऊ नये. परंतु मात्रा वाढली की काम कसे मंदावते, एवढे त्यातून डोळ्यांस दिसते, आणि प्रात्यक्षिकाचा हेतू तेवढाच आहे.

जबाबदारी कोणाची

सारा भार घरातील गृहिणीवर टाकून चालणार नाही. किती टक्के जंतू मरतात हे बाटलीवर ठळक अक्षरांत छापलेले असते. हजार लिटरच्या टाकीस किती मात्रा सोसेल हे सहसा छापलेले नसते. कीटकनाशकाच्या डब्यावर मात्रा, सावधगिरी व विषाची तीव्रता दाखविणारा रंगीत त्रिकोण असतो, मग शौचालयात ओतावयाच्या द्रव्यावर तशी सूचना मराठीत का नसावी? जंतूंवरील विषारीपणा मोजण्याची पद्धत 1984 पासून उपलब्ध आहे, तेव्हा माहिती मिळत नाही ही सबब टिकणारी नाही. ग्रामपंचायतीने साफसफाईचे साहित्य खरेदी करताना ही माहिती विक्रेत्याकडे मागावी. मागणी झाल्यावाचून छपाई होणार नाही.

दरम्यान गावाने आपल्यापुरते तीन नियम करावेत. भांडे ब्रशाने घासावे व औषध झाकणाने मोजून घ्यावे, बाटली सरळ उपडी करू नये. विहिरीची टी.सी.एल. पावडर विहिरीसाठीच ठेवावी. शेतीची औषधे, जनावरांची औषधे व तेले टाकीच्या वाटेस जाऊ देऊ नयेत. शौचालये बांधण्याचे काम गावोगाव मोठ्या प्रमाणावर झाले. ती वर्षानुवर्षे चालू ठेवण्याचे काम मात्र टाकीतील न दिसणारे जंतू करणार आहेत, आणि त्यांना ते करू देणे हे घरातील माणसांच्या हाती आहे.